ज्या फुलात परागच नव्हता

मुंबई-नागपूर असो, इंदूर-बडोदा असो की हैदराबाद-बेळगाव, तुम्ही जिथे असाल तिथे तुमच्या ताटात अधूनमधून ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी येत असणार. आज मी तुम्हाला त्या भाकरीमागचा इतिहास सांगणार आहे. या इतिहासाचा नायक राजा नाही, सेनापती नाही. तो एक दोष आहे. फुलात पराग तयार न होणे, हा तो दोष.

आपल्याकडच्या खेड्यांत जुनी माणसे 'हायब्रीडची भाकरी' म्हणतात. 'हायब्रीड' हा शब्द मुळात कुठल्याही संकरित वाणाचा. पण महाराष्ट्रात तो कित्येक घरांत ज्वारीचेच नाव होऊन बसला. हे झाले १९६० च्या दशकात. त्याआधी ज्वारी-बाजरीचे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे जवळजवळ अशक्य होते. ते शक्य झाले ते नर म्हणून निकामी असलेल्या झाडांमुळे. आणि याच झाडांमुळे काही वर्षांत एक मोठे संकटही आले. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून कशा उगवल्या, ते आज आपण पाहू.

मुळात अडचण काय होती?

वनस्पतींमध्ये नर-मादी असते, हे माणसाला अंदाजाने फार पूर्वीपासून ठाऊक होते. ते प्रयोगाने दाखवले जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कॅमेरारियस यांनी. १६९४ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपले प्रयोग मांडले. एरंडाची नर फुले उमलण्याआधीच खुडून टाकली, तर झाडाला बी धरत नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे ती पिवळी धूळ शोभेची नव्हती, तिच्याशिवाय बी नव्हते.

पुढे कळले की दोन वेगळ्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली झाडे पुष्कळदा आईबापांपेक्षा जोमदार निघतात. याला संकरओज म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोने. पण ते मिळवायचे तर मादी म्हणून निवडलेल्या झाडावर त्याचा स्वतःचा पराग पडता कामा नये. फक्त दुसऱ्या वाणाचाच पडला पाहिजे.

मक्यात हे सोपे आहे. नर तुरा शेंड्याला, मादी कणीस मधे खोडाला. तुरा उपटून टाकला की काम झाले. अमेरिकेत दर उन्हाळ्यात शाळा-कॉलेजची हजारो मुले मजुरीवर हेच करायची. ज्वारीचे कणीस मात्र डोळ्यांसमोर आणा. हजारो बारीक फुले, आणि त्या प्रत्येकात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी-शेजारी. एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढत बसायचे म्हटले, तर एका एकराचे बियाणे व्हायला आयुष्य जाईल.

बाजरीत निसर्गाने थोडी सवलत दिली आहे. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर नंतर. या फरकाचा फायदा घेऊन १९५० च्या दशकात आपल्याकडे दोन वाण एकत्र पेरून संकर मिळवण्याचे प्रयत्न झाले. पण त्या बियाण्यात खरे संकरित दाणे जेमतेम ४० टक्के निघत. बाकीचे आपापल्या वाणाचेच. एवढ्यावर शेतकरी दरवर्षी विकतचे बी कशाला घेईल?

पराग घडतो कसा?

इथे पाच मिनिटे फुलाच्या आत डोकवावे लागेल. पुढचा सगळा इतिहास तिथेच घडतो.

पुंकेसराच्या टोकाला परागकोष असतो. त्याच्या पोकळीत परागमातृपेशी असतात. प्रत्येकीचे अर्धगुणसूत्री विभाजन होते आणि चार कोवळ्या पेशी तयार होतात. त्यांतली प्रत्येक पुढे एक परागकण होते. या कोवळ्या पेशींभोवती परागकोषाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, त्याला टॅपेटम म्हणतात. मी त्याला दाई म्हणतो. तो पिलांना अन्न पुरवतो, परागकणाच्या कठीण कवचाला लागणारा माल पुरवतो आणि काम संपले की स्वतः विरघळून जातो. दाई वेळेआधी गेली तर पिले मरतात. ती वेळेवर गेली नाही, तरी मरतात.

हे काम फार दमवणारे आहे. त्यासाठी दाईच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया, म्हणजे तंतुकणिका, कितीतरी पटींनी वाढतात. झाडात दुसरीकडे तंतुकणिकांत थोडा बिघाड असला तरी खपून जातो. पाने वाढतात, खोड उभे राहते, अंडाशयही नीट असतो. पण परागकोषात तोच बिघाड जिवावर बेततो. झाड दिसायला ठणठणीत, आणि पराग मात्र रिकामा, सुरकुतलेला.

तंतुकणिका बीजात येतात त्या बहुतेक पिकांत आईकडून. बापाच्या परागातून त्या सहसा येत नाहीत. म्हणून या प्रकारचा दोष आईच्या वंशाने चालतो. याला पेशीद्रव्यजन्य नरवंध्यत्व म्हणतात.

एक कांदा, एक ज्वारी

१९२५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स कांद्यावर काम करत होते. 'इटालियन रेड' जातीच्या शेतात त्यांना एक झाड असे सापडले की त्याला स्वतःच्या परागाने बी धरत नव्हते. एखाद्याने ते उपटून फेकले असते. जोन्स यांनी ते सांभाळले. सुदैवाने त्या झाडाच्या फुलोऱ्यात छोट्या कंदिका धरत, त्या लावून ते झाड जगवता आले. बऱ्याच वर्षांच्या संकरांनंतर १९४३ साली जोन्स आणि आल्फ्रेड क्लार्क यांनी त्याचा उलगडा छापला. दोष पेशीद्रव्यात आहे, पण पेशीच्या केंद्रकात एक विशिष्ट जनुक असेल तर तो झाकला जातो.

या शोधातून तीन ओळींची पद्धत निघाली, जी आजही जगभर चालते. पहिली ओळ नरवंध्य, म्हणजे मादी. दुसरी ओळ केंद्रकाने तिच्यासारखीच, पण पेशीद्रव्य चांगले, त्यामुळे पराग देणारी. हिचा पराग वापरून पहिली ओळ जशीच्या तशी, वंध्यच, पुढे चालवायची. तिसरी ओळ अशा वाणाची की तिच्याकडे दोष झाकणारे जनुक आहे. पहिलीवर तिसरीचा पराग पडला की मिळते ते संकरित बियाणे. ते शेतकऱ्याने पेरले की झाडाला पुन्हा पराग येतो आणि कणसे भरतात. कांद्याला या तिसऱ्या करामतीची गरज नसते, कारण आपण कांदा खातो, बी नाही. धान्याला मात्र ती हवीच.

ज्वारीत ही पद्धत आली १९५४ साली. टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवले की 'मिलो' गटाची ज्वारी आई आणि 'काफिर' गटाची ज्वारी बाप धरून संकर करत गेले, की नरवंध्य झाडे मिळतात. दोन्ही गट मूळचे आफ्रिकेचे, पण खंडाच्या वेगवेगळ्या टोकांचे. एकीची तंतुकणिका आणि दुसऱ्याचे केंद्रक यांचे परागकोषात जुळले नाही.

महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ मंडळींना 'मिलो' हे नाव ऐकून काही आठवले असेल. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती तांबडी परदेशी ज्वारी! लोकांनी ती नाइलाजाने खाल्ली आणि नावे ठेवली. पण त्याआधीच त्या गटाचे पेशीद्रव्य आपल्या शिवारात पोचले होते. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. त्याची मादी होती अमेरिकेतून आलेली 'सीके ६० ए', मिलोच्या पेशीद्रव्याची. भारतातल्या या कामात एन. जी. पी. राव यांचा मोठा वाटा होता. खरिपात हायब्रीड ज्वारी महाराष्ट्रभर पसरली, ती इथून.

रब्बीत मात्र तसे झाले नाही, आणि त्यामागेही काही अंशी परागच आहे. रब्बी ज्वारी फुलते थंडीत. रात्रीचा पारा उतरला की संकरित झाडात परागाची सुपीकता पुरती परतत नाही, कणसात दाणे विरळ भरतात. शिवाय खोडमाशी आणि भाकरीची चव हे प्रश्न होतेच. म्हणून सोलापूरकडे आजही मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या मालदांडीचा मान टिकून आहे.

बाजरीची चढाई आणि घसरण

आता आपण बाजरीकडे येऊ. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी १९५८ च्या सुमारास बाजरीची एक नरवंध्य ओळ मिळवली, 'टिफ्ट २३ ए'. तिचे बी त्यांनी भारतात पाठवले. लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी तिच्यावर एका भारतीय ओळीचा पराग वापरला आणि १९६५ साली 'एचबी-१' हा वाण आला. चाचण्यांमध्ये त्याने स्थानिक वाणांच्या जवळपास दुप्पट उत्पन्न दिले. मागोमाग एचबी-२, एचबी-३ असे वाण येत गेले. गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, हरियाणा, सगळीकडे पेरा वाढला. १९६०-६१ मध्ये देशात बाजरी सुमारे ३३ लाख टन झाली होती, १९७०-७१ मध्ये ती ८० लाख टनांवर गेली.

या सगळ्या वाणांचे बाप वेगळे होते. आई एकच होती, टिफ्ट २३ ए.

१९७१ मध्ये बाजरीवर मोठ्या प्रमाणावर गोसावी पडला. काही भागांत याला केवडा म्हणतात. या रोगात पाने पिवळी पडतात आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका निघतो, साधूच्या जटांसारखा, म्हणून गोसावी. रोग नवा नव्हता. पण पूर्वी शेताशेतात वेगवेगळे वाण असत आणि स्थानिक वाणात तर झाडागणिक फरक. काही झाडे बळी पडत, काही तगून राहत. आता मैलोन्‌मैल एकाच आईची लेकरे उभी होती. १९७१-७२ मध्ये उत्पादन सुमारे ५३ लाख टनांवर आले, पुढच्या वर्षी त्याहूनही खाली. सगळा दोष रोगाच्या माथी मारणे बरोबर नाही. १९७० चा पाऊस उत्तम होता आणि १९७२ ला दुष्काळ होता. पण रोगाने केलेला घात दुष्काळाच्या आधीच सुरू झाला होता.

मग टिफ्ट २३ ए ची ही दुबळी बाजू आधी लक्षात का आली नाही? कारण ती जिथे घडली त्या जॉर्जियात हा रोग बाजरीवर येतच नाही. तिथे तिची या बाबतीत परीक्षा होण्याचा प्रश्नच नव्हता. परीक्षा झाली ती आपल्या शेतकऱ्यांच्या रानात.

त्याच वेळी अमेरिकेत

योगायोग पाहा. आपल्याकडे हे घडण्याच्या एकच वर्ष आधी, १९७० च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या मक्यावर पानकरप्याची साथ आली. दक्षिणेकडून सुरू होऊन ती थेट मक्याच्या मुख्य पट्ट्यात शिरली.

तिथे काय झाले होते? तुरे उपटण्याची मजुरी वाचावी म्हणून बियाणे कंपन्यांनी टेक्सासमध्ये सापडलेले नरवंध्य पेशीद्रव्य वापरायला घेतले होते. त्याला 'टी' पेशीद्रव्य म्हणत. १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के मक्यात ते पोचले होते. करप्याच्या बुरशीचा एक प्रकार नेमका या पेशीद्रव्यावर तुटून पडला. देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले, नुकसान १०० कोटी डॉलरच्या घरात.

या कहाणीतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आणखी नऊ वर्षे मागचा आहे. १९६१ साली फिलिपिन्समधल्या मर्काडो आणि लँटिकन या संशोधकांनी छापून सांगितले होते की नरवंध्य मका या बुरशीला जास्त बळी पडतो. निबंध उपलब्ध होता. पण तो दूरच्या देशातला होता, आणि इकडे मजुरीची बचत रोखीत दिसत होती.

नंतर, १९८० च्या दशकात, कारण रेणूच्या पातळीवर कळले. 'टी' पेशीद्रव्याच्या तंतुकणिकांमध्ये एक विचित्र जनुक आहे, इतर जनुकांचे तुकडे जोडून बनलेले. त्यातून एक प्रथिन तयार होते. पराग मारण्याशी ज्याचा संबंध आहे, तेच प्रथिन बुरशीच्या विषाला तंतुकणिकेचे दार उघडून देते. म्हणजे ज्या गुणासाठी ते पेशीद्रव्य निवडले, त्याच गुणातून रोग आत शिरला.

इथे एक फरक नीट समजून घेऊ, कारण पुष्कळदा दोन्ही घटना एकाच दावणीला बांधल्या जातात. मक्यात दोषी होते पेशीद्रव्यच. बाजरीत पुढच्या अभ्यासांनी दाखवले की नरवंध्य पेशीद्रव्याचा गोसावी रोगाशी संबंध नाही. टिफ्ट २३ ए च्या केंद्रकातले जनुक रोगाला दुबळे होते. दोन्ही ठिकाणी सारखी होती ती सवय. एक सोयीची आई सापडली की सगळ्यांनी तिच्यावरच विसंबायचे.

धडा घेतला का?

काही अंशी घेतला. अमेरिकेत पुढच्या हंगामांत मुले पुन्हा तुरे उपटायला शेतात आली. १९७२ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पिकांतल्या एकसारखेपणाच्या धोक्यावर सविस्तर अहवाल काढला. आपल्याकडे बाजरीच्या नव्या माद्या तयार झाल्या. त्यांतल्या ५१४१ ए या मादीचा बीजे १०४ हा वाण लोकप्रिय झाला, फार मोठ्या क्षेत्रावर गेला आणि १९८० च्या दशकात तोही गोसावीला बळी पडला. आई बदलली, सवय तीच राहिली.

याच काळात हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतून एक वेगळी वाट निघाली. १९८२ साली आलेला 'डब्ल्यूसी-सी ७५' हा संकरित नव्हता, खुल्या परागीभवनाचा वाण होता. शेतात प्रत्येक झाड आपला पराग वाऱ्यावर सोडणार, शेजाऱ्याचा घेणार, आणि झाडाझाडांत फरक राहणार. उत्पन्न उत्तम हायब्रीडपेक्षा थोडे कमी, पण गोसावीसमोर तो वर्षानुवर्षे टिकला. शेतकऱ्याला बीही घरचे ठेवता येत होते. महाराष्ट्रात आलेला आयसीटीपी ८२०३ आणि त्यातूनच निवडलेली, लोह जास्त असलेली 'धनशक्ती' हीदेखील याच प्रकारातली.

भाताची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९७० मध्येच चीनच्या हायनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना जंगली भाताचे एक नरवंध्य झाड सापडले. त्या एका झाडाच्या पेशीद्रव्यावर चीनचा संकरित भात उभा राहिला. भारतात संकरित भात १९९४ पासून आला. कोकणात कर्जतच्या केंद्राने १९९८ मध्ये 'सह्याद्री' दिला. आपल्याकडचे बहुतेक संकरित भात त्याच हायनानच्या झाडाचे पेशीद्रव्य बाळगून आहेत. बहुतेक संकरित बाजरी आजही टिफ्टच्याच पेशीद्रव्यावर आहे. त्यांनी घात केलेला नाही, हे खरे. १९६९ पर्यंत अमेरिकेच्या मक्याबद्दलही बहुतेकांना तसेच वाटत होते.

आणि जिथे असा सोयीचा दोष वापरात आला नाही तिथे? तिथे माणसाचे हात लागतात. १९७० साली सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी संकरित कापूस 'एच-४' दिला, व्यापारी पातळीवरचा जगातला पहिला. त्याचे बी हातानेच करावे लागे. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने पाकळ्यांसह पुंकेसर सोलून काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. कापसाचे बियाणे आजही मुख्यतः असेच होते, आणि बाया-मुलींच्या बोटांवर होते. मोहरीत दिल्ली विद्यापीठाच्या दीपक पेंटल यांच्या गटाने तिसरी वाट धरली. टॅपेटमच, म्हणजे ती दाईच, मारणारे जीवाणूचे जनुक एका ओळीत आणि त्यावर उतारा असलेले जनुक दुसऱ्या ओळीत. हाच तो 'डीएमएच-११'. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही.

तेव्हा हायब्रीड चांगले की वाईट, असा निकाल मी देणार नाही. नरवंध्य झाडांनी या देशाला पुष्कळ धान्य दिले आहे. पण दुकानात बियाण्याच्या दहा पिशव्या दिसल्या, दहा नावे आणि दहा चित्रे असली, तरी एक प्रश्न विचारायला हवा. या दहांची आई एकच तर नाही? पिशवीवर त्याचे उत्तर छापलेले नसते. १९७१ च्या बाजरीवाल्याला ते कोणी सांगितले नव्हते. एकाच आईवर विसंबण्याचा निर्णय प्रयोगशाळेत आणि बियाणे कंपनीत झाला, रिकामे कणीस मात्र त्याच्या हातात आले. आपल्या कृषी विद्यापीठांना, बियाणे महामंडळांना आणि दुकानदारांना हा प्रश्न विचारणारे शेतकरी जितके वाढतील, तितके बरे.